अर्ध्या तासाचा डोंगर

"मावशी, तीन आहेत. तिन्ही दाखवते, मग तुम्हीच ठरवा," नाझनीन म्हणाली आणि तिनं स्टूल ओढून माझ्या खुर्चीला चिकटवलं.

पहिलं उघडलं. वर निळं आकाश, खाली हिरवी सपाट जमीन. तिनं एका चौकोनावर टिचकी मारली तर डोंगर उभा राहिला. दुसऱ्यावर मारली तर तळं आलं. मग खालची एक पट्टी उजवीकडे सरकवली, तर सकाळची संध्याकाळ झाली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की. डोंगर तयार मिळतात, झाडं तयार मिळतात, आपण फक्त मांडायची. नवशिक्यांसाठीच काढलंय हे. तुम्हाला चार दिवसांत येईल."

दुसऱ्यात जमीन कणकेच्या गोळ्यासारखी होती. माऊस दाबून वर ओढली की टेकडी व्हायची, खाली दाबली की दरी. "याला पंधरा दिवस धरा. हात बसला की मजा येते बघा."

तिसरं उघडायलाच दोन-तीन मिनिटं लागली. आणि उघडलं तर त्यात ना आकाश, ना जमीन. करड्या पाटीवर लहान लहान डबे आणि त्यांना जोडणारे बारीक धागे.

"यात डोंगर कुठाय?"

"यात डोंगर घडवावा लागतो, मावशी. हा डबा जमीन उचलतो. हा खडक घालतो. हा पाऊस पाडतो, मग त्या पावसानं डोंगर झिजतो, ओढे पडतात. कुठला धागा कुठं जोडायचा ते मलासुद्धा धड माहीत नाही, माहिती काढून काढून करावं लागेल. सहा महिने तरी जातील. त्यात हे आपलं मशीन असलं म्हातारं! एक चित्र निघायला अर्धा तास घेईल. हे तुमच्यासाठी नाही, नुसतं असतं म्हणून दाखवलं."

"अर्धा तास आपण काय करायचं?"

"काय करणार? बसून राहायचं."

"मग हेच शिकव," मी म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझं तोंड बघून तिनं हसणं थांबवलं. "मावशी, तुम्हाला फोटोमागचे पाच पडदे करायचेत. त्यासाठी एवढं कशाला? घरापुढच्या गल्लीत जायला कुणी कोल्हापूरवरून जातं का?"

"मला धड काम लागतं. तयार डोंगर मांडायला मी काय भातुकली खेळतेय?"

हे मी असं तोऱ्यात म्हणाले की तिला खरं वाटलं. ती उठून माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "मानलं तुम्हाला." तिला काय माहीत, मी डोंगर निवडलाच नव्हता. मी अर्धा तास निवडला होता.

ही दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होते. गडहिंग्लजला आमचा मगदूम फोटो स्टुडिओ. माझे यजमान बसवंत मगदूम फोटो काढायचे आणि मागचे पडदे मी रंगवायची. लग्न होऊन आले तेव्हा मला ब्रश धरता येत नव्हता. यांनीच शिकवलं. मांजरपाटाला खळ द्यायची, सरस उकळून त्यात रंग कालवायचे, आणि मग तळं, कमान, कठडा, लांबवर डोंगर. पस्तीस वर्षांत किती पडदे केले याचा हिशेब नाही. आजूबाजूच्या गावांत कुणाच्याही घरी जुना फोटो बघा, माझ्या तळ्याकाठी कुणीतरी नवीन साडीत अवघडून उभं असेल.

यजमान गेले आणि तिसऱ्या वर्षी पडद्यांचं कामही गेलं. पुतण्या विरूपाक्ष, म्हणजे आमचा विरू, स्टुडिओ बघायला लागला होता. त्यानं भिंतीवर नुसतं हिरवं कापड लावलं. माणूस त्यापुढे उभा करायचा आणि मागचं सगळं नंतर कॉम्प्युटरवर घालायचं. विरू पोरगा चांगला. मला वाईट वाटेल म्हणून त्यानं माझे पडदे टाकले नाहीत, गुंडाळून माळ्यावर ठेवले. आणि वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यात एक जुनं मशीन मांडून म्हणाला, "काकू, आता यावर करा डोंगर. पाच पडदे द्या करून, बसा की निवांत." शिकवायला म्हणून त्यानं समोरच्या कॉम्प्युटर क्लासच्या बागवान मॅडमना सांगितलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते पाच.

बागवान मॅडम म्हणजे नाझनीन. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, उंच, बोलायला फटकळ. दिवसभर पोरांना शिकवून तिचा घसा बसलेला असायचा, तरी माझ्याकडे आली की बोलत सुटायची. मला मूलबाळ नाही. यजमान होते तोवर ते जाणवलं नाही, कारण ते एकटेच चार पोरांएवढं बोलायचे. ते गेल्यावर घरात आवाजच राहिला नाही. एका बुधवारी मला चाळा लागला, आज आपल्याशी कोण किती वाक्यं बोलतंय ते मोजायचं. सकाळी दूधवाल्यानं दोन टाकली. भाजीवालीनं एक. दुपारी विरू वर आला आणि म्हणाला, "काकू, जरा सरका, स्टँड घ्यायचाय." चार वाक्यं. त्यात एक सरका.

तेव्हा मंगळवार आणि शुक्रवार मला पुरेनात. त्या निवडीनंतरच्या आठवड्यातच मी नाझनीनला एक थाप मारली.

"विरूनं मुदत घातलीय," मी म्हणाले. "दिवाळीपर्यंत पाच पडदे झाले नाहीत तर म्हणाला, काकू, तुम्ही आपल्या घरीच बसा. ही जागा मला लागणार आहे."

"विरूदादा असं म्हणाले?" तिचे डोळे मोठे झाले.

"तोंडावर असा गोड आहे. धंदा म्हटला की धंदा. पण तू त्याला काही बोलू नकोस हं. मला कमीपणा येतो."

"मग तर रोज बसायला पाहिजे, मावशी," ती लगेच म्हणाली. "चारला बॅच सुटली की येत जाते. रविवार सोडून."

बिचाऱ्या विरूनं माझं काय वाकडं केलं होतं? पण त्या संध्याकाळी घरी जाताना मी जिलेबी घेऊन गेले. एकटीनं खाल्ली.

पुढचा महिना-दीड महिना फार सुखाचा गेला. चार वाजता जिन्यात तिच्या चपला वाजायच्या. मी स्टोव्हवर चहा टाकलेला असायचा. ती कुठून कुठून माहिती काढून, वहीत उतरवून आणायची. हा डबा उंचीचा, हा झिजेचा, हा रंगाचा. आम्ही दोघी डोकं लावून धागे जोडायचो, आणि मग ती बटण दाबायची. मशीनच्या पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं भरत जायची. ती भरेपर्यंत अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तिनं मला तिच्या क्लासमधल्या पोरांची चहाडी सांगितली, तिच्या बहिणीच्या लग्नातली भांडणं सांगितली, आई सकाळी उठल्यापासून स्थळं कशी मोजते त्याची नक्कल करून दाखवली. मी तिला सांगितलं, एकदा एक नवरदेव फोटोला उभा राहिला आणि माझा ओला पडदा त्याच्या कोटाला चिकटला. तो डोंगर पाठीवर घेऊनच वरातीत गेला. त्यावर ती एवढी हसली की विरू खालून काय झालं म्हणून बघायला आला.

एकदा चित्र निघालं आणि ती खट्टू झाली. "मावशी, सगळीकडे डोंगर, दगड, झाडी छान आहे, पण मधेच मैदान का ठेवलंय? रिकामं वाटतंय."

"तिथं माणूस उभा राहणार," मी म्हणाले. "मधे काही काढायचं नसतं. आणि ही जमीन नि आकाशाची रेघ बघ, ती छातीच्या वर येऊ द्यायची नाही. गळ्यातून गेली की फोटोत गळा चिरल्यासारखा दिसतो. आमचे हे ओरडायचे, महानंदा, गिऱ्हाईकाचा गळा कापू नकोस."

"कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये हे नाही," ती म्हणाली आणि तिनं ते आपल्या वहीत लिहून घेतलं. माझ्याकडून कुणी काही लिहून घेतल्याची ती पहिलीच वेळ.

आता खरं सांगायचं तर ते थोरलं सॉफ्टवेअर मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. आधी जमीन, मग खडक, मग पाणी, मग झाडं, मग ऊन. पडदा रंगवताना मी याच क्रमानं जायची. इंग्रजी नावं वाचता आली नाहीत तरी डब्यांची चित्रं लक्षात राहिली. पाच आठवड्यांत मला सगळं यायला लागलं. एका सकाळी, खाली गिऱ्हाइकांची वर्दळ होती तेव्हा, मी एकटीनं पूर्ण पडदा केला. दूरवर सामानगडासारखा चपटा डोंगर, पुढे गवताळ उतार, डावीकडून ऊन. अर्ध्या तासानं चित्र निघालं आणि मी बघतच राहिले. इतका चांगला पडदा मी कापडावर कधी केला नव्हता.

चार वाजता तो नाझनीनला दाखवायचा होता. दाखवला नाही. दाखवला असता तर उरले चार, आणि ते करायला मला चार सकाळी पुरल्या असत्या.

विरू खालचं मशीन भरलं की जुने फोटो माझ्या मशीनवर टाकून ठेवायचा. त्यात 'डोळे मिटलेले' नावाचा एक फोल्डर होता. फोटो काढताना लोक डोळे मिटतात, ते वाया गेलेले फोटो त्यात. ते कुणी कधी बघत नाही. मी माझा पडदा त्यात दडवला. आणि चारच्या आत जाऊन दोन-तीन धागे मुद्दाम तोडून ठेवले.

"मावशी, हे काल नीट होतं की हो!"

"माझा हात लागला असेल गं. बघ की काय झालंय."

ती पुन्हा वही काढायची. रोज असंच. जमेल त्या सकाळी मी पडदा करून दडवायची, दुपारी मात्र रोज धागे तोडायची. तिला वाटायचं, म्हातारीच्या डोक्यात काही राहत नाही. तरी एकदाही तिनं आवाज चढवला नाही. पोरांना ती केवढ्यानं ओरडते ते मला समोरच्या खिडकीतून ऐकू यायचं.

जुलैच्या वीस तारखेला आमची पट्टी भरत असताना तिचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं आणि उठून जिन्यात जाऊन बोलली. परत आली तेव्हा गाल लाल झाले होते.

"कुणाचा गं?"

"कराडहून. एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची जागा आहे. मी मुलाखत देऊन आले होते, तुम्हाला बोलले नव्हते. झाली निवड."

"अगं, मग?"

"मग काय, एक ऑगस्टला हजर व्हा म्हणाले. मी म्हटलं, गणपतीपर्यंत थांबा. हातातलं एक काम पुरं करायचंय." ती स्टुलावर बसली. "तुम्हाला मधेच सोडून कशी जाऊ? दिवाळीपर्यंत नाही जमणार, पण गणपतीपर्यंत आपण रेटून पाचही पडदे काढू. मग विरूदादा काय तुम्हाला हलवत नाहीत."

त्या कोंदट क्लासात इतकी वर्षं पोरांना तेच तेच शिकवण्यातून तिला सुटायचं होतं, ते बोलण्यात कळत होतं. ती पगाराबद्दल बोलली, खोली कुठे घ्यायची त्याबद्दल बोलली. मी मान हलवत होते. आणि मला आनंद झाला होता. तिची निवड झाली म्हणून नव्हे. ती गणपतीपर्यंत थांबणार म्हणून. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता.

घरी गेल्यावर मी हिशेब केला. फोल्डरमध्ये तेव्हा तीन पडदे तयार होते. ठरवलं, आठवडा संपायच्या आत अजून दोन करायचे आणि पाचही तिच्यापुढे ठेवायचे. जा बाई, सुखी राहा. शनिवारी पाच झालेसुद्धा. सोमवारी चार वाजता ती आली तर हातात डबा. "आईनं भडंग केलंय तुमच्यासाठी. म्हणाली, मावशींना घरी घेऊन ये एकदा." ती भडंग पसरून बसली, तिची आई कशी लसूण जास्त घालते ते सांगू लागली, आणि मला वाटलं, आज नको. उद्या दाखवू. दुसऱ्या दिवशीही उद्याच वाटलं. पाचाचे सात झाले, सातांचे नऊ. मी दर तीन-चार दिवसांनी नवा पडदा करून दडवत होते आणि रोज दुपारी तिला सांगत होते की मला काही येत नाही.

ऑगस्टच्या मध्यावर एक दिवस ती नेहमीसारखी आली, स्टूल ओढलं, धागे बघितले आणि म्हणाली, "गेली मावशी."

"काय गेलं?"

"जागा. दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. त्यांना थांबता येत नव्हतं म्हणे." तिनं नाक ओढलं. "जाऊ दे. येईल दुसरी. आता निदान दिवाळीपर्यंत तुमच्याजवळ निवांत बसता येईल. हा धागा परत कसा तुटला ओ?"

मी उठून चहा टाकायला गेले. स्टोव्ह पेटेना. त्याच क्षणी तिला सांगायला हवं होतं. मी तिला साखर किती घालू म्हणून विचारलं. दोन महिने मी तिला रोज चहा देत होते.

त्यानंतर चौथ्या दिवशी ते सगळं बाहेर आलं. हलकर्णीचे एक म्हातारे वारले होते. वर्षापूर्वी ते आमच्याकडे फोटो काढून गेले होते, पण सारखे डोळे मिटायचे म्हणून तो फोटो रद्द झाला होता. दुसरा फोटोच नाही घरात. पोरगा खाली येऊन म्हणाला, डोळे मिटलेला असला तरी द्या. विरू तो शोधायला वर यायला निघाला आणि जिन्यात त्याला नाझनीन भेटली. विरूला काही बोलू नकोस असं मी तिला बजावलं होतं, ते तिनं मोडलं.

दोघं बोलतच वर आले. विरूचं तोंड उतरलेलं.

"काकू, मी तुम्हाला कधी म्हटलं, घरी बसा म्हणून?"

नाझनीन म्हणाली, "मी सांगितलं त्यांना, मावशी. म्हटलं, दिवाळीची मुदत वाढवून द्या. माझी जागा गेली तशी तुमची जायला नको."

"हिची काहीतरी ऐकण्यात गफलत झाली असेल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

"गफलत?" नाझनीन माझ्याकडे बघायला लागली.

विरूला खाली गिऱ्हाईक थांबलं होतं. "नंतर बोलू काकू," म्हणत तो वाकला आणि त्यानं माऊस घेतला. तो कुठलं फोल्डर उघडतोय ते माझ्या ध्यानात आलं तोवर ते उघडलंसुद्धा होतं. मिटल्या डोळ्यांच्या माणसांमध्ये माझे अकरा डोंगर.

"आयला, हे काय?" विरूनं एक मोठं केलं. मग दुसरं. "भारी आहेत की! हे कुणी आणले?"

"तूच टाकले असशील नेटवरून उतरवून," मी म्हणाले.

नाझनीन पुढे आली. तिनं विरूच्या हातातून माऊस घेतला आणि एकेक चित्र सावकाश बघितलं. चपटा डोंगर, तळं, ओढ्याकाठचं गवत. अकरावं बघून झालं तेव्हा ती म्हणाली, "नेटवरचे नाहीत हे, दादा. मावशींनी केलेत."

"कशावरून?"

"सगळ्यांत मधे जागा मोकळी सोडलीय. आणि रेघ बघा. एकातसुद्धा छातीच्या वर गेलेली नाही."

विरू याच स्टुडिओत रांगत वाढलेला. त्याला पुढं काही सांगावं लागलं नाही. त्यानं म्हाताऱ्यांचा फोटो पेनड्राइव्हवर घेतला आणि माझ्याकडे न बघता खाली गेला.

नाझनीननं चित्रांच्या तारखा काढल्या. मला वाटलंच नव्हतं की मशीन तारखा ठेवतं.

"पहिलं सतरा जुलैचं," ती म्हणाली. "कराडचा फोन वीसला आला होता. पाचवं पंचवीसचं. पंचवीसला तुमचे पाच झाले होते, मावशी. मी एकला हजर झाले असते."

ती माझ्याकडे वळली.

"मी रात्री जागून त्या डब्यांची माहिती वाचायची. मला वाटायचं, मलाच शिकवता येत नाही. का केलंत असं?"

"चार दिवसांत शिकले असते तर पाचव्या दिवशी तू कशाला आली असतीस?" मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "घरी कुणी बोलत नाही गं माझ्याशी. तू यायचीस, बसायचीस. पट्टी भरेपर्यंत कुठं जायची नाहीस. एवढंच."

तिनं माऊस सोडून दिला, पण मशीनचा पडदा बंद केला नाही. त्यावर तो शेवटचा डोंगर तसाच होता.

पुढचं आधी सांगून टाकते. विरूनं ते अकराही पडदे वापरले. लोकांना फार आवडले, त्या वर्षीच्या सगळ्या लग्नांत तेच होते. मला त्यानं कधी एका शब्दानं विचारलं नाही, आणि माझा कोपराही माझाच राहिला. नाझनीनला दोन वर्षांनी साताऱ्याला काम मिळालं, कराडच्या निम्म्या पगाराचं. तिकडंच लग्न झालं. तिच्या क्लासच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. विरूनं मला नवं मशीन घेऊन दिलंय, त्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत चित्र तयार होतं. मी सत्तरीच्या पुढची बाई, सगळ्या तालुक्यात माझ्यासारखे डिजिटल पडदे कुणी करत नाही, असं तो गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगतो.

पण त्या दिवशी निघताना ती जे म्हणाली ते सांगायचं राहिलं.

तिनं आपली वही पिशवीत घातली. चहा तसाच निवलेला होता. ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या, आणि तिथंच पाठमोरी थांबली. मला वाटलं, आता ही बोलेल, चार शिव्या घालेल, घातल्या तर बरं. ती वळली तेव्हा तिच्या तोंडावर राग नव्हता. रडून झाल्यावर असतो तसा चेहरा होता, पण ती रडली नव्हती.

"मावशी, तुम्ही नुसतं म्हणाला असतात ना," ती म्हणाली, "ये नाझनीन, बस माझ्याजवळ अर्धा तास. तरी मी रोज आले असते. कराडला गेले असते तरी सुट्टीत आले असते. याला कशाला पाहिजे होतं सॉफ्टवेअर?"

आणि ती थांबली. दाराच्या कडेला हात धरून, माझ्याकडे बघत थांबली. ती कशासाठी थांबली होती ते मला तेव्हाही कळत होतं. एकच वाक्य बोलायचं होतं, तेही तिनंच आयतं सांगितलेलं. बाहेर श्रावणाची सर येऊन गेली होती, जिना ओला होता. माझ्या तोंडातून शब्द आले ते असे:

"पायऱ्यांवर शेवाळ आलंय गं. जपून उतर."

तिनं मान हलवली आणि ती जपून उतरली.